बायकांच्या दारावरची हौसाक्का

"बाई, तुमाला उलटं वाचाया येतं का?"

हौसाक्काच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. बारामतीच्या मुलींच्या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. एकोणीसशे तीस-एकतीसचा सुमार असेल. पुण्याहून दौंडला आणि दौंडहून त्या लहान रुळांच्या गाडीनं बारामतीला, असा एकटीनं प्रवास करून आलेली मी चोविशीतली मास्तरीण. गावात कुणी ओळखीचं नव्हतं. शाळा सुटल्यावर फळा पुसत होते, तेव्हा दारात एक चाळिशीची उंच, काळीसावळी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. हिरव्या लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, हाताला कोपरापर्यंत ओल, आणि चेहऱ्यावर अशी घाई की जणू मीच तिला वाट पाहायला लावलं होतं.

"उलटं म्हणजे?" मी विचारलं.

"उलटं म्हंजे उलटं. आरशात दिसतं तसं."

"कधी वाचलं नाही. पण प्रयत्न केला तर येईल."

"मग चला. बाया बसल्यात."

कुठं, कशाला, काही सांगितलं नाही. पुढं चालू लागली आणि मी दाराला कुलूप घालून तिच्या मागं निघाले. आपल्याला कुणी नाही म्हणू शकतं हे तिला ठाऊकच नसावं.

स्टेशनच्या अलीकडं गुळाची एक जुनी वखार होती. कालव्याचं पाणी आल्यापासून उसाचं रान वाढलं होतं, आणि गुळाचे व्यापारी मोठ्या जागांमध्ये गेले होते. ही पत्र्याच्या छपराची वखार रिकामी पडली तेव्हा गणपतशेठ नावाच्या हौशी माणसानं तिच्यात सिनेमा सुरू केला. दारावर पाटी काहीतरी लांबलचक संस्कृत नावाची होती, पण गाव म्हणायचं 'पत्र्याचं थेटर'. चित्रं मुकी होती. पुढं एक पेटीवाला आणि एक तबलजी बसून चित्राला साजेल असं वाजवायचे.

वखारीच्या बरोबर मधोमध पांढरा पडदा टांगलेला होता. पडद्यापुढं पुरुष बसायचे आणि पडद्यामागं बायका. चित्र पडायचं पुढून, ते कापडातून आरपार मागं दिसावं म्हणून खेळाच्या आधी पडदा ओला करावा लागे. ते काम हौसाक्काचं. लांब बांबूला गोणपाटाचा मोठा बोळा बांधून तो बादलीत बुडवायचा आणि वरून खालपर्यंत पडदा सारवल्यासारखा भिजवायचा. हाताला कोपरापर्यंत ओल होती ती याची.

त्या दिवशी बाजार होता. आजूबाजूच्या गावांहून माळवं विकायला आलेल्या बायका, माल संपवून, रिकाम्या पाट्या शेजारी ठेवून जमिनीवर बसल्या होत्या. वखारीतला गूळ कधीच गेला होता, मुंग्या मात्र गेल्या नव्हत्या. हौसाक्का दर खेळाला चुलीतली राख आणून बायकांच्या बैठकीभोवती तिची रेघ ओढायची आणि मुंग्यांना उद्देशून सांगायची, "तिकिटाबिगर आत यायचं न्हाय."

चित्र सुरू झालं आणि तिनं मला विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ कळला. मधूनमधून पडद्यावर मराठी ओळी यायच्या. पुढच्या पुरुषांना त्या सरळ दिसत. मागं बसलेल्या आम्हाला आरशातल्यासारख्या उलट्या. पूर्वी एक भटजीबोवांची लेक त्या वाचून दाखवायची, तिचं लग्न होऊन ती गेली होती. पहिल्या दिवशी मी इतकी अडखळले की चित्रातली नायिका बुडून गेली तरी मी तिचं शेवटचं बोलणं वाचतच होते. बायकांनी तक्रार केली नाही. तिसऱ्या-चौथ्या बाजाराला मला सफाईनं वाचता येऊ लागलं, आणि पुढं तर शाळेत मुलींच्या वह्यांची पानं मागच्या बाजूनं उजेडासमोर धरली तरी चुका दिसायच्या.

उलट्या बाजूनं पाहिल्यामुळं आमच्या चित्रांतले सगळे वीर डावखुरे होते. तलवार डाव्या हातात, जेवण डाव्या हातानं. एकदा तर प्रत्यक्ष देवानं डाव्या हातानं आशीर्वाद दिला. लोणी भापकरची एक म्हातारी चपापून म्हणाली, "हे कसं गं? देवाला उजवं-डावं कळंना?"

हौसाक्का दाराशी उभ्या उभ्या म्हणाली, "उजव्या हातानं पुरुषांस्नी दिला. डावा हात आपल्या बाजूला हाय. आपल्याला त्येवढाच जवळ."

म्हातारीचं समाधान झालं. माझंही.

हौसाक्का मूळची इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीची. तिचा नवरा शेठच्या थेटरात मागच्या दारावर असायचा. तो तापानं गेला. दिवस घालून झाल्यावर दुसऱ्याच दुपारी ती येऊन दारावर उभी राहिली. शेठ गडबडले. म्हणाले, "आक्का, काय पायजे?"

"काय न्हाय. दार मोकळं हाय म्हणून आले."

शेठ बाजूला सरले आणि हौसाक्का दारावर राहिली. ही हकीकत मला स्वतः शेठनीच सांगितली, अजूनही थोड्या अचंब्यानं.

तिला माणसं नावानं लक्षात राहत नसत. बाई आली की विचारायची, "तुझी आई कुठली?" मोरगावची, सणसरची, काटीची, जे उत्तर येईल तेच त्या बाईचं नाव. "ए मोरगाव, पाय आवर." "सणसर, पोराला पाज की, किती रडवतीस!" आणि आल्या आल्या बायका एकमेकींशी बोलू लागल्या की तिचं ठरलेलं, "आधी बस, मग बोल." कोण कुणाशेजारी बसली यावरून कधी कुणी नाक मुरडलं तर तिचा आवाज चढायचा. "हितं आल्या नंबरानं बसायचं. पटत नसंल तर बाजारात लई मोकळी जागा हाय." तिथं मी एकदाही कुणाला उठून गेलेलं पाहिलं नाही.

पण तिची खरी करामत म्हणजे झोळ्या. तान्ही पोरं घेऊन आलेल्या बायका चित्र कसं पाहणार? हौसाक्कानं मागच्या पडवीच्या आडव्या वाशाला आठ झोळ्या टांगल्या होत्या आणि त्या सगळ्यांना मिळून एकच दोर बांधला होता. दाराशी उभी राहून ती दोर ओढायची आणि आठही पोरं एका वेळी हलायची. मान मात्र पडद्याकडं. चित्रातला दुष्ट माणूस आला की तिचा हात जोरात चालायचा. मग पडवीतून रडण्याचे सूर येत आणि ती त्या दुष्टालाच ओरडायची, "जा की मुडद्या, पोरं उठली माझी!"

तिचं स्वतःचं मूल नव्हतं. 'माझी' म्हणताना ती कधी अडखळली नाही.

मग बोलपट आले. म्हणजे पुण्या-मुंबईला आले, आमच्याकडं नुसती वार्ता आली. कुणी व्यापारी पुण्याला जाऊन यायचा आणि चावडीवर बसून सांगायचा की माणसं पडद्यावर बोलतात, गातात, दार वाजलं तर ऐकू येतं. हळूहळू मुकी चित्रं मिळेनाशी झाली. जी मिळायची ती इतकी झिजलेली की त्यांत सदानकदा पाऊस पडताना दिसायचा. बोलपटाचं यंत्र आणणं शेठना झेपणारं नव्हतं. त्याच वेळी शहरांतली नाटकगृहं एकामागून एक बोलपटांकडं जात होती आणि बिऱ्हाड उठलेल्या नाटक मंडळ्या तालुक्याच्या गावांत जागा शोधत हिंडत होत्या. अशी एक मंडळी आमच्या लहान गाडीनं आपल्या पेट्या, पगड्या आणि गुंडाळलेले देखाव्यांचे पडदे घेऊन बारामतीला उतरली. शेठनी विचार केला. शहरात नाटकगृहांची सिनेमाघरं होत होती. आमच्याकडं त्यांनी सिनेमाघराचं नाटकगृह करायचं ठरवलं.

पांढरा पडदा उतरवला. तो तांबडा रंगवून नाटकाचा दर्शनी पडदा केला. इतकी वर्षं पाणी प्यायलेल्या त्या कापडानं रंग सारखा धरला नाही, कुठं गर्द कुठं फिकट, आणि तो शेवटपर्यंत तसाच राहिला. रंगमंच बांधायला सुतार लागले. आणि रंगमंच बांधायची जागा कोणती, तर पडद्याच्या मागची. बायकांची.

हौसाक्का ते काम पाहायला रोज जायची. मग एके दिवशी शेठना विचारलं, "बायका कुठं बसायच्या?"

"नाटकाला कुठं येत्यात बायका?" शेठ म्हणाले. "आन् आल्या तर पुरुषांच्यात कुठं बसवायच्या? बघू पुढं."

"बघू पुढं" म्हणजे नाही, हे दोघांनाही कळलं. पण हौसाक्कानं ते न कळल्यासारखं केलं.

पहिला प्रयोग बाजारच्या दिवशी दुपारी होता. पुढची सगळी वखार पुरुषांनी भरली होती. मी शाळेमुळं उशिरा पोचले, नेहमीच्या मागच्या दारानं आत शिरले आणि पाहते तर काय, रंगमंचाची मागची बाजू आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत, पेट्या आणि मुकुटांच्या गराड्यात, हौसाक्कानं तीस-एक बायका दाटीवाटीनं बसवल्या होत्या. समोर देखाव्याच्या पडद्याची उलटी बाजू. नाटक दिसत नव्हतं, नटांचे पाय तेवढे दिसत होते. पण बाजूनं आत येणारे-जाणारे नट मात्र अगदी हाताच्या अंतरावर.

त्या काळच्या बहुतेक मंडळ्यांप्रमाणं याही मंडळीत बायकांची कामं पुरुषच करायचे. सदूभाऊ म्हणून एक देखणा, गोड गळ्याचा नट राजकन्या झाला होता. पुढं त्यानं विरहाचं पद म्हटलं, टाळ्या झाल्या, आणि हुंदके देत राजकन्या आत आली. आत आल्याबरोबर तिनं शालू गुडघ्यापर्यंत वर घेतला, पेटीवर बैठक मारली, कानामागची बिडी काढून शिलगावली आणि केसाळ पोटरी कराकरा खाजवत धूर सोडला. मग तिची नजर समोर गेली. तीस बायका तिच्याकडं टक लावून पाहत होत्या.

मग मोरगाव म्हणाली, "अगं बया!"

आणि तो हशा फुटला. पत्र्याखाली हशा दुप्पट मोठा होतो. पुढं राजा आपल्या मुलीच्या वियोगानं छाती पिटत होता. त्याला मागून हसण्याचा लोंढा ऐकू आला. तो थांबला. त्याला थांबलेला पाहून पुरुष हसू लागले. शेवटी दर्शनी पडदा टाकावा लागला.

शेठ धावत मागं आले. "आक्का! ह्या बायका हितं कशा?"

"ह्यांची जागा हीच हाय."

"आता हितं नाटक हाय!"

"मग नाटक दुसरीकडं न्या."

शेठचा चेहरा लाल झाला. ते वाईट माणूस नव्हते, पण त्या दिवशी मंडळींसमोर त्यांची शोभा झाली होती. ते म्हणाले, "उद्यापासनं दारावर येऊ नगा तुमी. बायकांचं दारच आता ऱ्हाणार न्हाय." आणि खरंच, दोन दिवसांत गवंड्यानं ते मागचं दार विटांनी बुजवलं.

मी तिच्या घरी गेले. ती अंगणात बसून बाजरी पाखडत होती. रडली नव्हती, पण सूप इतक्या जोरानं झटकत होती की निम्मी बाजरी कोंबड्यांना मिळत होती. मी समजुतीचं काहीतरी बोलले. ती म्हणाली, "बाई, तुमाला वाटतं मला सिनेमाची आवड हाय?"

"नाही का?"

"हाय. पण त्येच्यापायी न्हाय हे." सूप खाली ठेवलं. "ह्या बाया आठवड्यातनं एकदा हितं बसत्यात. बसत्यात म्हंजे नुसत्या बसत्यात. निवडायला न्हाय, टिपायला न्हाय. घरात बाई बसली की कुणीतरी उठवतंच तिला. मी इतकी वर्सं कुणाला उठवू दिलं न्हाय. त्येवढंच काम केलं मी. आता त्येबी न्हाय."

तेवढ्यात कुडाच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. सदूभाऊ आला होता. धोतर, सदरा, डोक्याला टोपी. राजकन्येचा मागमूस नव्हता. मला वाटलं भांडायला आला. पण तो ओट्याच्या कडेला अवघडून बसला आणि म्हणाला, "आक्का, एक विचारायचं होतं. बायका बिडीला हसल्या हे समजलं. पण त्याच्या आधीही, मी रंगमंचावर जाताना, दोघी-तिघी हसल्या. ते कशाला?"

हौसाक्कानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सांगू? राग येईल."

"सांगा."

"पदर सावरता तुमी, तवा सारखं पुरुषांकडं बघता. बाई पदर सावरती तवा कुणाकडंच बघत न्हाय. आन् रडताना डोळं पुसता दोन्ही हातानं. बाईचा एक हात कवाच मोकळा नसतो. कडेवर पोर असतं, न्हायतर घागर. ती एका हातानं रडती."

सदूभाऊनं टोपी काढून ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "दाखवा."

आणि त्या अंगणात हौसाक्कानं त्याला रिकामी घागर कडेवर दिली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. शेजारच्या बाया कुडावरून डोकावू लागल्या. "अवं, घागर भरलेली हाय समजा! रिकामी घेऊन कोण असं वाकतं?" तासाभरानं तो घामाघूम झाला होता. जाताना तिच्या पायाला हात लावून म्हणाला, "बारा वर्षं बाईची कामं करतो. बायकांनी समोर बसून पाहिलं असतं तर पहिल्याच वर्षी कळलं असतं."

तो गेल्यावर हौसाक्कानं घागर जागेवर ठेवली. मग मला म्हणाली, "बाई, तिकिटावर लिवलेलं असतं का, की पुरुषानंच बसायचं म्हणून?"

"नाही. फक्त तारीख आणि जागा."

"मग तिकिटं तुमी काढा. मास्तरणीला कोण न्हाय म्हणतंय?"

पुढच्या बाजारापर्यंत ती घरात दिसली नाही. पाटावरच्या मळ्यांत, विहिरींवर, बांधाबांधांनी ती बाया आणि तिकिटाचे पैसे गोळा करत हिंडत होती, हे मला मागाहून कळलं. बाजारच्या दिवशी तिनं माझ्या हाती सुट्या पैशांची पुरचुंडी दिली आणि मी खिडकीवर जाऊन पुढच्या बैठकीची चाळीस तिकिटं मागितली. खिडकीवरच्या माणसाला वाटलं शाळेच्या मुली येणार. त्यानं दिली.

खेळाला तास होता. दार उघडल्या उघडल्या हौसाक्का पुढच्या, पुरुषांच्या दारानं आत शिरली आणि तिच्या मागं चाळीस बायका. कडेवर पोरं, डोक्यावर पाट्या. सगळ्या अगदी पुढं, रंगमंचाला लागून जमिनीवर बसल्या. 

पुरुष येऊ लागले. आत आला की जो तो थबकायचा. मग नीट पाहायचा, तर पुढच्या रांगेत त्याची आई. किंवा चुलती. किंवा बायको, कडेवर त्याचंच पोर. ऊठ म्हणायचं कुणाला? एकजण आपल्या बायकोला हातानं खुणावत होता, ती वर छताकडं पाहत होती. कुरबुर वाढली. "शेठला बोलवा!" कुणीतरी ओरडलं.

शेठ आले ते तावातावानंच. "हौसाबाई!" म्हणत पुढं गेले आणि मध्येच उभे राहिले. पहिल्या रांगेच्या मधोमध, पांढऱ्या लुगड्यातली एक वाळकी म्हातारी ताठ बसली होती. शेठची आई. तिची नजर जाऊन वीस वर्षं झाली होती. लेकाचं थेटर घरापासून हाकेच्या अंतरावर, पण ती त्यात कधी आली नव्हती. मुक्या चित्रात आंधळ्या बाईला काय होतं? हौसाक्का दर शनिवारी तिच्या डोक्याला तेल लावायला जायची. त्या आठवड्यात तिनं तेवढंच सांगितलं होतं की आता तिथं ऐकायला मिळतं.

"आई," शेठचा आवाज खाली आला. "तू हितं?"

"कोण, गणू? खाली बस बाबा. मागच्यांस्नी दिसत न्हाय."

वखारीत हशा पिकला, पण कुचेष्टेचा नव्हे. शेठ इकडंतिकडं पाहू लागले. मग धोतराचा सोगा आवरून आईशेजारी जमिनीवर बसले. झालं. मालकच बसला म्हटल्यावर बाकीच्यांनी मागं मागं जागा धरल्या.

नाटक सुरू झालं. सदूभाऊ राजकन्या होऊन आला, कडेवर घागर घेऊन. घागर मूळ नाटकात नव्हती. विरहाचं पद म्हणताना त्यानं एका हातानं डोळे पुसले आणि पदर सावरताना खाली मातीकडं पाहिलं. माझ्या शेजारची सणसर हळूच म्हणाली, "अगदी आपल्यावानी की गं." पद संपलं, टाळ्या व्हायच्या आधी क्षणभर सामसूम झाली आणि त्या सामसुमीत म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "कुणाची पोर गं ही? किती गोड गळा!"

सदूभाऊनं भूमिका सोडली नाही. तो रंगमंचाच्या कडेला आला, गुडघ्यावर बसला आणि खाली वाकून, राजकन्येच्याच आवाजात म्हणाला, "तुमचीच, आई." म्हातारीनं हात वर करून त्याचा चेहरा चाचपला. गालावरचा रंग तिच्या बोटांना लागला. शेठ दुसरीकडं तोंड फिरवून बसले होते.

हौसाक्का यातलं काही पाहत नव्हती. पुढच्या दाराशी उभी राहून ती आत येणाऱ्या एका माणसाला दटावत होती, "आल्या नंबरानं बसायचं."

शेठनी तिची माफी मागितली नाही, तिनंही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी पुन्हा आला आणि वखारीच्या डाव्या भिंतीला नवं दार पाडू लागला. शेठ उभे राहून त्याला सांगत होते, "जरा रुंद धर रे. पोरं घेऊन येत्यात." पुढच्या बाजारापासून निम्मी पुढची बैठक बायकांची झाली आणि त्या रुंद दारावर हौसाक्का.

त्यानंतर किती मंडळ्या आल्या नि गेल्या याचा मला हिशोब नाही. नटांमध्ये मात्र एक गोष्ट पसरली होती. बारामतीला गेलात तर डाव्या दारावरच्या बाईला तालीम दाखवा. दोन-तीन स्त्रीपार्टी नट तिच्या अंगणात घागर घेऊन चाललेले मी स्वतः पाहिले. पुढं एका मंडळीत खरीखुरी बाई काम करायला आली. गावात कुजबुज झाली. हौसाक्का तिला पाहून आली आणि मला म्हणाली, "बरं करती. पण घागर धरता येत न्हाय. शहरातली हाय."

दशक संपता संपता शेठनी अखेर बोलपटाचं यंत्र आणलं आणि वखार पुन्हा सिनेमाघर झाली. तोपर्यंत हौसाक्का बारामती सोडून गेलेली होती. निरवांगीला तिची भावजय वारली, मागं दोन लहान पोरं. निरोप आला त्याच दिवशी तिनं गाठोडं बांधलं. मला भेटायला आली तेव्हा मी मुलींना पाढे देत होते. दारातूनच म्हणाली, "जाते बाई. शेठनी माणूस ठेवलाय दारावर. बरा हाय, पण बायांस्नी 'चला चला' म्हणतो. त्येला जरा सांगा." मी बाहेर येईतो ती फाटकापाशी पोचली होती.

वर्षा-दोन वर्षांनी माझी बदली इंदापूरला झाली. आसपासच्या गावांत मुलींना शाळेत घाला म्हणून सांगत हिंडण्याचं काम आमच्याकडं असे. अशीच एका दुपारी बैलगाडीनं निरवांगीला गेले. हौसाक्काचं घर विचारलं तर एका पोरानं मळ्याकडं बोट दाखवलं.

मिरचीचं रान होतं. तोडणीच्या बायका भाकरी खाऊन बाभळीच्या सावलीत बसल्या होत्या, आणि त्यांच्यापुढं उन्हात हौसाक्का उभी होती. केस बरेच पिकले होते. डोक्याला पदराचाच फेटा गुंडाळलेला, हातात उसाचं एक कांडं. ती राजा झाली होती. मी बांधावरच थांबले. तिनं मला पाहिलं, ओळखलं, आणि कांडं माझ्याकडं रोखून म्हणाली, "बाई, जरा थांबा. राजाला मरू द्या, मग बोलू."

राजा मरायला बराच वेळ लागला. त्यानं लेकीला हाका मारल्या, सगळ्यांची क्षमा मागितली, मग गुडघे टेकले आणि शेवटी सरीतल्या मातीत आडवा झाला. सावलीतल्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. एक कोवळी, विशीचीही नसेल, ती मात्र मोठ्यानं, अंग हलवून रडत होती. कुणी तिला गप्प केलं नाही. शेजारणीनं तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला होता.

हौसाक्का उठली, लुगडं झटकलं आणि बांधावर माझ्याजवळ आली. नाटक माझ्या ओळखीचं होतं. सदूभाऊचंच. मी हसून म्हटलं, "हौसाक्का, त्यात राजा मरत नाही. शेवटी लेक परत येते आणि दोघं भेटतात."

"ठावं हाय मला. गेल्या साली भेटवली हुती की." तिनं हळूच मागं पाहिलं. "ती रखमा बघा, रडती ती. चार महिन्यांची पोर गेली तिची. पोरगीच तर हुती, म्हणून घरात कुणी रडू दिलं न्हाय तिला. दुसऱ्या दिवशी कामाला लावली. म्हटलं, औंदा राजाला जाऊ द्यावं."

ती माझ्या हाताला धरून क्षणभर उभी राहिली. तिचे तळहात मिरचीनं तिखट झाले होते, माझा हात नंतर बराच वेळ चुरचुरत होता.

"मुक्कामाला ऱ्हावा," ती म्हणाली. मला पुढच्या गावी जायचं होतं. "बरं," म्हणून ती वळली. बायका उठून आपापल्या सरीला लागत होत्या. रखमा तशीच बसून होती. रानाचा मालक दुरून काहीतरी ओरडला. हौसाक्कानं रखमाची पाटी आपल्या पाटीत ओतून घेतली, तिची सरीही आपल्याकडं घेतली आणि मालकाकडं न बघताच मोठ्यानं म्हणाली, "तोडती हाय मी दोघींचं! बसू द्या तिला."

गाडी वळणावरून गेली तेव्हा ती दोन सऱ्यांच्या मध्ये वाकलेली होती, एकदा या बाजूची मिरची तोडत, एकदा त्या.